वाचक विचारतात: सर्व्हे तर झाला, आता इन्फोग्राफिक कसं करू?

या महिन्यात आलेले निम्मे प्रश्न एकाच विषयाचे निघाले. सर्व्हे केलाय, उत्तरं हातात आहेत, आता त्याचं इन्फोग्राफिक करून द्यायचंय आणि नेमकं काय करायचं ते कोणी सांगितलेलं नाही. सबमिशनचे दिवस आहेत म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतीये.

प्रश्न: ताई, मी सांगली जिल्ह्यातली, एसवायबीएला आहे. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कॅम्पमध्ये आम्ही एका गावातल्या ६२ घरांत जाऊन पाण्याचा सर्व्हे केला, पाणी कुठून आणता, कोण आणतं, किती वेळ जातो असे एकूण १४ प्रश्न होते. गूगल फॉर्ममध्ये भरल्यावर आपोआप पाय चार्ट (गोलाचे तुकडे करून दाखवलेले) आले, ते सगळे मी कॅनव्हात (डिझाइन करायची वेबसाइट) एका पानावर बसवले पण सर म्हणाले हे इन्फोग्राफिक नाही, नुसता चार्टचा ढीग आहे. मला फरकच कळत नाहीये आणि आठ दिवस उरलेत.

उत्तर: सरांचं बरोबर आहे, पण तू घाबरू नकोस, ६२ घरांचे उंबरे चढून लोकांशी बोलून येणं हा यातला सगळ्यात अवघड भाग होता आणि तो तुमचा झालाय.

फरक असा आहे की चार्ट एका प्रश्नाची उत्तरं दाखवतो आणि इन्फोग्राफिकला बघणाऱ्याला काहीतरी सांगायचं असतं. म्हणून आधी कॅनव्हा बंद कर, एक कोरा कागद घे आणि त्यावर एकच वाक्य लिही, त्या गावाबद्दल तुला आता काय कळलंय जे कॅम्पच्या आधी माहीत नव्हतं. समजा ते वाक्य असं आलं की 'ज्या घरांना विहिरीवरून पाणी आणावं लागतं तिथे ते काम बायकाच करतात आणि त्यात सकाळचा सगळा वेळ जातो' (हे मी उदाहरण म्हणून लिहिलंय, तुझं वाक्य तुझ्या आकड्यांतूनच यायला हवं), तर झालं, आता १४ पैकी जे तीन-चार प्रश्न या वाक्याला आधार देतात तेवढेच पानावर येतील आणि बाकीचे रिपोर्टमध्ये जातील. काढून टाकायला जीव होत नाही हे मला माहितीये, स्वतः फिरून गोळा केलेलं असतं ना.

वाक्य सुचत नसेल तर बहुतेक वेळा कारण हे असतं की आपण एकेक प्रश्न सुटा बघत बसतो, फॉर्मचे तयार चार्टही तसेच सुटे असतात. फॉर्मचं शीट उघड आणि पिव्होट टेबल (दोन प्रश्नांची उत्तरं एकत्र मोजून देणारा तक्ता) कर, ओळींमध्ये 'पाणी कुठून' आणि कॉलममध्ये 'किती वेळ', मग 'कोण आणतं' आणि 'किती वेळ', असं दोन-दोन प्रश्न एकमेकांसमोर ठेवून बघ, खरी गोष्ट नेहमी तिथे सापडते. त्याच्या आधी शीट मात्र साफ करावं लागेल. कोणी 'विहीर' लिहिलंय, कोणी 'विहिर', कोणी इंग्रजीत वेल, कॉम्प्युटर त्याचे तीन वेगळे पाणवठे करतो. आणि कोणी 'आड' लिहिलं असेल तर ते विहिरीत मिसळायचं का हे आपल्या मनाने ठरवू नको, गावात कुणाला तरी फोन करून विचार, बऱ्याच ठिकाणी लोक यात फरक करतात. मूळ शीटची एक कॉपी हात न लावता बाजूला ठेव.

आता पाय चार्टबद्दल. पाय म्हणजे एका पूर्ण गोष्टीचे तुकडे. एखाद्या घराने नळही सांगितला आणि टँकरही सांगितला तर उत्तरांची बेरीज ६२ च्या वर जाणार, ते पायमध्ये बसूच शकत नाही. आणि जिथे बसतं तिथेही चार-पाच तुकडे झाले की कुठला मोठा ते डोळ्याला पटकन कळत नाही. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी लोकांवर प्रयोग करून हे दाखवून दिलंय, एकाच रेषेपासून सुरू होणाऱ्या पट्ट्यांची तुलना माणूस सगळ्यात अचूक करतो, कोन आणि क्षेत्रफळ ओळखताना जास्त चुकतो. त्यामुळे साध्या आडव्या पट्ट्या घे, मोठीपासून छोटीपर्यंत लाव, आणि शून्यापासूनच सुरू कर.

पण तुझ्याकडे तर फक्त ६२ घरं आहेत, मी तुझ्या जागी असते तर पट्ट्याही केल्या नसत्या, सरळ ६२ छोटी घरं काढली असती! एक चित्र म्हणजे एक घर. व्हिएन्नामध्ये १९२० च्या दशकात ओटो नॉयराट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य लोकांना आकडेवारी कळावी म्हणून चित्रांची अशी पद्धतच तयार केली, पुढे तिला आयसोटाइप म्हणायला लागले, आणि तिचा मुख्य नियम हा की संख्या जास्त असेल तर चित्रं जास्त काढायची, चित्र मोठं करायचं नाही. आणि '३७.१ टक्के' वगैरे अजिबात लिहू नको, '६२ पैकी २३ घरं' असं लिही, इतक्या छोट्या सर्व्हेत दशांश चिन्ह लावलं की नसलेली अचूकता दिसते, शिवाय घर म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर घर येतं.

अजून एक सांगायचंच आहे कारण हे विद्यार्थ्यांनीच केलेलं काम आहे. १९०० साली पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथे अटलांटा युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना घेऊन हाताने रंगवलेले साठेक तक्ते लावले होते, गुलामगिरी संपून जेमतेम ३५ वर्षं झालेल्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांकडे किती जमीन आली, किती लोक वाचायला शिकले, कोण काय काम करतं. शाई आणि वॉटरकलर, बास. ते तक्ते आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि नेटवर फुकट बघता येतात. कॅनव्हाच्या टेम्प्लेट्स बघण्याआधी एक तास ते बघ, बहुतेक तक्त्यांवर एकच मुद्दा आहे, आणि तो लांबून कळतो.

प्रश्न: मी पुण्यात मास मीडिया शिकतोय. पाणी भरणाऱ्या घरांसाठी मी हंड्याची चित्रं वापरली, ३० घरांसाठी १० घरांच्या तिप्पट उंच हंडा. मॅडमनी मार्क कापले, म्हणाल्या चित्र खोटं बोलतंय. आकडे तर बरोबर आहेत!

उत्तर: आकडे बरोबर आहेत पण हंडा चुकलाय. उंची तिप्पट केलीस तेव्हा प्रमाण सांभाळायला रुंदीही तिप्पट झाली, म्हणजे कागदावरची जागा नऊपट झाली, आणि बघणारा उंची मोजत नाही, तो सगळा हंडा बघतो. त्याला नऊपट वाटणार. आकारच वापरायचा असेल तर वर्गमूळ घ्यावं लागतं, तिप्पट संख्येसाठी उंची साधारण १.७३ पट. वर्तुळाच्या त्रिज्येलाही हेच लागू. फ्लोरेन्स नाइटिंगेल आपल्याला परिचारिका म्हणून माहिती आहेत पण १८५८ मध्ये त्यांनी क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा जो गोल चार्ट छापला, जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी कितीतरी जास्त सैनिक गेले हे सरकारला दाखवणारा, त्यात त्यांनी प्रत्येक पाकळीचं क्षेत्रफळ आकड्याप्रमाणे ठेवलं होतं, आणि तसं चार्टवर लिहिलंही होतं. पण खरं सांगू का, तू एकाच मापाचे हंडे घे आणि १० घरांना १० हंडे, ३० घरांना ३० हंडे काढ, वरच्या उत्तरात लिहिलंय तसं, कॅल्क्युलेटर लागणारच नाही.

रंगाचंही बघून घे. लाल आणि हिरवा यांतला फरक नीट न दिसणारे लोक, त्यातही पुरुष, बरेच असतात, त्यामुळे 'पाणी आहे' हिरवं आणि 'पाणी नाही' लाल असं नुसत्या रंगावर सोडू नको, निळा-नारिंगी घे नाहीतर शब्दही लिही.

प्रश्न: आम्ही 'तरुण आणि मोबाइल' यावर सर्व्हे केला, फॉर्मची लिंक व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली आणि दोन दिवसांत १४० जणांनी भरली. 'महाराष्ट्रातील तरुणाई मोबाइलच्या विळख्यात' हे टायटल कसं वाटतं? — तीन मैत्रिणी, नाशिक

उत्तर: टायटल बदला, प्लीज. तुमचा फॉर्म कोणापर्यंत पोचला? तुमच्या ग्रुपवर असलेल्यांपर्यंत. त्यातून भरला कोणी? ज्यांनी त्या दोन दिवसांत व्हॉट्सॅप बघितलं आणि लिंक उघडून भरायचा ज्यांना कंटाळा आला नाही त्यांनी. म्हणजे मोबाइल कमी वापरणारी मुलं-मुली, ज्यांच्याकडे घरात मिळून एकच फोन आहे ती मुलं-मुली, ही सगळी आधीच गळली आणि प्रश्न तर मोबाइलचाच आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण चित्र एकदा फॉरवर्ड व्हायला लागलं की खालचा रिपोर्ट कोणी वाचत नाही, टायटल तेवढं फिरतं.

संख्या मोठी असली म्हणजे भागतं असंही नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी जवळजवळ एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २३-२४ लाख परत आल्या, त्यावरून त्यांनी सांगितलं लँडन हे उमेदवार जिंकणार. निकालात त्यांच्या समोरच्या रुझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. नावं घेतली होती टेलिफोनच्या याद्यांमधून आणि मोटारी असणाऱ्यांच्या नोंदींमधून, मंदीच्या काळात हे दोन्ही कोणाकडे असणार, आणि त्यातूनही उत्तर पाठवायची तसदी कोणी घेतली, सगळं तिथेच ठरलं. उलट आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं, १९९२-९३ पासून, त्याचं काम मुंबईतली लोकसंख्या विज्ञान संस्था बघते, त्यात कुठली गावं, कुठली घरं घ्यायची ते ठरलेल्या पद्धतीने चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडतात, म्हणून त्यांना 'महाराष्ट्रात' असं म्हणता येतं.

तुम्हाला तसं म्हणता येणार नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. 'आमच्या ओळखीतल्या १४० जणांना विचारलं' असं मोठ्या अक्षरात टायटलमध्येच लिहा, आणि खाली एका ओळीत कधी विचारलं, कसं विचारलं, वय काय, मुली किती मुलगे किती. मूळ प्रश्न जसाच्या तसा छापा. 'विळख्यात' काढाच, तो शब्द सर्व्हेतून आलेला नाही, तुमच्या मनात आधीच होता.

प्रश्न: मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटतात, 'र्‍हस्व' आणि 'प्रश्न' धड दिसत नाहीत. इलस्ट्रेटर वापरतो.

उत्तर: दोन गोष्टी बघा. फाँट युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षर तेच राहतं अशी पद्धत) आहे ना? मुक्त, बालू हे मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट करणाऱ्या गटाने केलेले फाँट आहेत, नोटो सान्स देवनागरीही आहे, सगळे फुकट. जुने डीटीपीचे फाँट नको, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडले की मजकुराचा कचरा होतो. दुसरं, टाइपच्या प्रेफरन्समध्ये भारतीय भाषांचे पर्याय चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून साउथ एशियन कंपोझर निवडा (व्हर्जनप्रमाणे नाव थोडं बदलतं). इंकस्केपमध्ये (इलस्ट्रेटरसारखंच फुकट सॉफ्टवेअर) हे काही करावं लागत नाही. आणि ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडा, वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात.

प्रश्न: मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. मुलं शाळेत कशी येतात याचा सर्व्हे चौथीच्या मुलांनीच केलाय. कॉम्प्युटर एकच आहे आणि तोही बंद.

उत्तर: गुरुजी, कॉम्प्युटर लागतच नाही. टिकल्यांची पाकिटं आणा. एक टिकली म्हणजे एक मूल, प्रत्येकाने आपली टिकली आपल्या हाताने लावायची, चालत येणारे एका ओळीत, सायकलवाले दुसऱ्या, एसटीने येणारे तिसऱ्या. एवढीच काळजी घ्या की टिकल्या एकाच मापाच्या असाव्यात आणि आधी पेन्सिलीने चौकटी आखून घ्याव्यात, नाहीतर जवळ-जवळ चिकटवलेल्या वीस टिकल्या लांब-लांब लावलेल्या पंधरांपेक्षा कमी वाटतात. मुलांना तेच विचारा, कुठली ओळ लांब दिसते आणि कुठली खरंच मोठी आहे. मला वाटतं चौथीला याहून चांगला धडा नाही.

प्रश्न: मी एनएसएस कार्यक्रम अधिकारी आहे. मुलांनी केलेलं इन्फोग्राफिक सरपंच ग्रामपंचायतीत लावायचं म्हणतायत. मुलं खूश आहेत, मला थोडी धाकधूक वाटतीये.

उत्तर: सर, धाकधूक योग्य आहे. परीक्षकांसाठी केलेलं चित्र आणि गावासाठी केलेलं चित्र एकच नसतं. सगळ्यात आधी वस्तीप्रमाणे केलेले तुकडे बघा. मोठ्या गटात '६२ पैकी ५ घरांत शौचालय नाही' हे चालतं, पण वस्तीनिहाय मोडलं आणि एखाद्या वस्तीत चारच घरं असली की सगळ्या गावाला नावं कळतात, आणि आपल्याकडे वस्ती म्हटली की जातही कळते. त्या लोकांनी मुलांना घरात घेऊन खरं सांगितलंय, त्यांना चावडीवर उघडं पाडायचं नाही. असे छोटे गट एकत्र करा, घरांचा नकाशा असेल तर काढा, फोटो असतील तर विचारल्याशिवाय लावू नका.

मग लावण्याआधी मुलांना घेऊन एकदा गावात जा आणि चार जणांना, त्यात वाचता न येणारी एखादी आजी असावी, नुसतं चित्र दाखवून विचारा यात काय दिसतंय. जे कळलं नाही ते बदला. ए-थ्री तरी प्रिंट घ्या, काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा की तीही वाचता येते का, कारण पुढे तीच फिरणार आहे. सर्व्हेची तारीख मोठी लिहा, उन्हाळ्यातलं पाणी आणि दिवाळीतलं पाणी वेगळं असतं. आणि खाली चार बोटं पट्टी कोरी सोडून 'यात काही चुकलं असेल तर इथे लिहा' असं छापा, शेजारी दोऱ्याने एक पेन बांधून ठेवा, आणि महिन्याने मुलांना तो कागद बघायला परत पाठवा.