गादीच्या पोटात काय आहे ते आधी विचारा

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही ऐरोलीला राहतो. दोन वर्षांपूर्वी डबल बेडची सहा इंची फोमची गादी घेतली, दुकानात झोपून बघितली तेव्हा एकदम मस्त वाटली आणि आता मिस्टर झोपतात त्या बाजूला चक्क खड्डा पडलाय, सकाळी उठलं की दोघांचीही कंबर धरलेली असते. दुकानदार म्हणतो वजनामुळे झालं. सासूबाई म्हणतात कापसाचीच बरी होती. आता नवीन घेताना काय बघू?

उत्तर: मिस्टरांच्या वजनाला अजिबात बोल लावू नका. दुकानात पाच मिनिटं झोपून फक्त वरचा मऊ थर कळतो, गादी किती वर्षं टिकणार ते आतल्या मालावर असतं आणि तेच कोणी दाखवत नाही, मला याचा खरंच राग येतो. फोमला डेन्सिटी विचारायची, म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल. माल कमी असला की आतली जाळी नाजूक होते, त्यात आपल्याकडची दमट हवा आणि घाम, मग रोज जिथे भार पडतो तिथे ती दबते ती परत वर येतच नाही. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही हं, मऊ फोमसुद्धा चांगल्या डेन्सिटीचा मिळतो.

घरी तपासता येतं. वजनकाट्यावर आधी एकटं उभं राहायचं, मग गादी उचलून धरून. 72 बाय 60 ची सहा इंची गादी सगळी 40 डेन्सिटीच्या फोमची असेल तर साधारण 17 किलो भरायला हवी. आमची, 40 सांगून दिलेली, साडेदहा किलो भरली! म्हणजे 25 सुद्धा नाही. खोळीची चेन उघडली तर वर छान पांढरा थर आणि खाली बोटाने दाबलं की तळाला लागणारा हलका फोम. रिबॉन्डेडला मात्र हा हिशोब लावू नका, ते फोमचे तुकडे दाबून चिकटवलेले असतात, आकडा 80-100 चा असतो आणि गादी कडक लागते, खालच्या थराला ते चांगलं.

काथ्याची गादी हवेशीर आणि ताठ, पण काही वर्षांनी धागे तुटून बेडखाली तपकिरी भुसा पडायला लागतो. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि ती ऊब धरूनही ठेवतो, त्यामुळे एसी नसेल तर ऐरोलीच्या मे महिन्यात रात्र काढणं कठीण. बजेट असेल तर नैसर्गिक लॅटेक्स घ्या, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेला फोम, जड असतं आणि महाग पण दाबलं की लगेच वर येतं आणि टिकतं भरपूर.

सासूबाईंचं अर्धं खरं आहे, कापूस घाम शोषतो, गरम होत नाही, पण तो बसतो आणि गाठी होतात, मग पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा आणि गच्चीवर ऊन दाखवायचं, सोसायटी गच्चीची चावी देत असेल तर जरूर घ्या.

कंबरेसाठी एकदम फळीसारखी कडक गादी घेऊ नका. 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गाद्या दिल्या, 90 दिवसांनी मध्यमवाल्यांना जास्त आराम होता. बिलावर मात्र प्रत्येक थराचं नाव, जाडी आणि डेन्सिटी लिहून घ्या, नुसतं 'ऑर्थो' लिहिलेलं चालवून घेऊ नका.

प्रश्न: घोडबंदर रोडला नवीन फ्लॅट आहे, स्टोरेजचा बेड आहे. पावसाळ्यात फोमच्या गादीला खालून कुबट वास येतो आणि काळे ठिपके दिसतात. उन्हात टाकू का?

उत्तर: ती बुरशी आहे. अंगाचा ओलावा खाली उतरतो आणि प्लायवूडला भोकं नसली की तिथेच अडकतो. कडक उन्हात नको, फोम आणि लॅटेक्स दोन्ही उन्हाने भुरभुरीत होतात, ऊन कापसालाच. आठवड्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून पंखा लावा आणि सुताराला बोलवून प्लायला वीतभर अंतरावर एक इंची भोकं पाडून घ्या, तासाभराचं काम आहे. ठिपके आत फोमपर्यंत गेले असतील आणि घरात कोणाला दमा असेल तर ती गादी ठेवू नका.