इंजिन बदलले, आता पीयूसीचे काय?

जुन्या गाड्यांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी, बदललेल्या इंजिनासंबंधीचे चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाला) तडा गेला म्हणून दुसऱ्या पद्मिनीचे इंजिन घेऊन बसवले. पीयूसीला (धुराच्या प्रदूषण चाचणीला) कार्बन मोनॉक्साइड ५.८ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेले इंधन) १,९०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १,९०० भाग, आले, हातात रिजेक्शन स्लिप मिळाली. इंजिन दुसरे आहे म्हणून निकष बदलतो का? गॅरेजवाला म्हणतो, त्यापेक्षा ११८ एनईचे (प्रीमियरच्याच दुसऱ्या गाडीचे) इंजिन टाकून घ्या. (वाचक, पुणे)

उत्तर : निकष बदलत नाही. केंद्रावर गाडीचा नंबर टाकला की ‘वाहन’ प्रणालीतून नोंदणीची माहिती येते, आणि मर्यादा ठरते ती त्या माहितीतल्या इंधनावर आणि गाडीच्या वयावर. भारत स्टेज-२ (धुराबाबतच्या सरकारी निकषांचा दुसरा टप्पा) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू) कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम एवढी मुभा आहे. ही मर्यादा सैल आहे. नीट लावलेली पद्मिनी दोनच्या आत सहज बसते, त्यामुळे ५.८ आकडा आला याचा अर्थ इंजिनात किंवा कार्ब्युरेटरमध्ये काहीतरी नक्की बिघडलेले आहे.

बहुतेक गॅरेजांत पहिला हात कार्ब्युरेटरच्या मिक्श्चर स्क्रूला (पेट्रोल-हवेचे प्रमाण लावणाऱ्या स्क्रूला) जातो. तो शेवटी लावायचा असतो. आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. एखादे बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टन रिंग गेल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. रिंग गेलेल्या इंजिनाचे हायड्रोकार्बन कुठल्याही स्क्रूने खाली येत नाहीत, हे आधी कळले म्हणजे पुढचा खर्च वाचतो. त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट (ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान हवी. पॉइंटला खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, कंडेन्सरसह नवे घाला. टायमिंग फार पुढे ओढलेले असेल तर आयडलिंगला हायड्रोकार्बन वाढतात. ‘पिकअप’साठी टायमिंग पुढे घेण्याची सवय जुन्या मिस्त्रींना असते, म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत.

आता कार्ब्युरेटर. कार्बन मोनॉक्साइड इतका चढतो तेव्हा पेट्रोल जास्त आणि हवा कमी जात असते. चोकची झडप पूर्ण उघडते का, एअर फिल्टर तुंबला आहे का, फ्लोटची सुई झिजून पातळी वर गेली आहे का, हे याच क्रमाने पाहा. आयडल जेट तारेने साफ केलेला असेल तर त्याचे भोक मोठे झालेले असते आणि तो बदलण्यावाचून इलाज नाही. हे सगळे जागेवर आले की मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत बसवा, दीड ते दोन फेरे मागे घ्या, इंजिन गरम करून मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास आयडलिंग ठेवा आणि पाव-पाव फेऱ्याने लावा.

चाचणीला जाण्याआधी इंजिन ऑइल बदला. बरेच दिवस जास्त पेट्रोल पीत चाललेल्या इंजिनाच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरलेले असते. गरम झाल्यावर त्याची वाफ ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीवाटे) पुन्हा इंजिनात जाते आणि कार्ब्युरेटर बरोबर असूनही आकडा खाली येत नाही. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून थेट केंद्रावर न्या. रांगेत वीस मिनिटे आयडलिंगवर उभी राहिली तर प्लग काळे होतात, म्हणून नळी घालण्याआधी अर्धा मिनिट २,५०० च्या आसपास रेस द्यायला सांगा. नळी टेलपाइपमध्ये किमान ३०० मिलिमीटर आत गेली पाहिजे. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडची बेरीज १५ पेक्षा बरीच कमी दिसली तर बाहेरची हवा मिसळते आहे असे समजा. बहुधा सायलेन्सरला भोक असते किंवा मॅनिफोल्डची गॅस्केट फुंकते.

कागदपत्रे याहूनही महत्त्वाची. त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवता येते, पण आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंद करून घ्यावी लागते. खरे तर इंजिन उचलण्याआधीच परवानगीचा अर्ज करणे शहाणपणाचे. सोबत इंजिन नंबर लिहिलेले खरेदीचे बिल, ज्या गाडीचे इंजिन काढले तिच्या आरसीची प्रत, विमा आणि नंबरचा पेन्सिल ठसा ठेवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची संमतीही लागेल. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो. भंगारातून इंजिन घेताना पैसे देण्यापूर्वी ते चोरीच्या गाडीचे नाही ना, याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेवर खात्री करा. ब्लॉकवर नंबर नसेल किंवा तो घासलेला दिसला, तर ते इंजिन कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नका, आणि स्वतः नंबर तर कधीही ठोकू नका. नुसते हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) बदलले असेल तर नोंदीचा प्रश्न येत नाही, कारण नंबर ब्लॉकवर असतो.

११८ एनईचे इंजिन टाकू नका. कंपनी प्रीमियरच असली तरी ते निसानचे ए-१२ आहे, १,१७१ सीसीचे, तर पद्मिनीचे १,०८९ सीसीचे. म्हणजे प्रकार वेगळा आणि आरसीवरची क्षमताही वेगळी. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रश्न : घरची १९६८ ची महिंद्रा सीजे-३बी जीप आहे. आधीच्या मालकाने तिला डिझेल इंजिन बसवले, आरसीवर मात्र पेट्रोलच आहे. तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. पीयूसी कोणत्या पद्धतीने करावी? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आज आहे त्या स्थितीत तिची खरी पीयूसी होऊच शकत नाही. प्रणालीत इंधन पेट्रोल दिसते, म्हणून केंद्रावर पेट्रोलचीच चाचणी लागते. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड मुळातच कमी असल्यामुळे गाडी ‘पास’ झाल्यासारखी दिसते, पण त्या चाचणीत काजळी मोजलीच जात नाही. डिझेलची चाचणी वेगळी असते. इंजिन एकदम पूर्ण वेगावर नेऊन धुराची घनता मोजतात, आणि भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाडीला २.४५ प्रति मीटर, म्हणजेच ६५ हार्ट्रिज (धुराची घनता मोजायचे एकक) ही मर्यादा आहे. पेट्रोलच्या चाचणीवर मिळवलेला कागद अपघातानंतर विमा कंपनीसमोर टिकणार नाही.

इंधन बदलायची वाट कायद्यात आहे, पण ती मान्यताप्राप्त रूपांतर किटची. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या (वाहन संशोधन आणि चाचणी करणाऱ्या) संस्थेची मंजुरी असावी लागते. दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन उचलून बसवणे या वाटेत बसत नाही. नियमबाह्य बदलाबद्दल कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

व्हिंटेज नोंदणीचा दरवाजाही इथेच अडतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी पात्र ठरते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. आमचे मत विचाराल तर जीपला तिचे मूळ हरिकेन इंजिन परत द्या. चार सिलिंडरचे, २,१९९ सीसीचे, इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असणारे हे इंजिन जुन्या जीपांमधून अजून मिळते. बसवल्यावर टॅपेट थंड इंजिनावर इनलेट ०.०१८ इंच आणि एक्झॉस्ट ०.०१६ इंच ठेवा. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणाआड असतात आणि हात पोचायला अवघड म्हणून हमखास राहून जातात. ते घट्ट राहिले की व्हॉल्व्ह जळतो आणि हायड्रोकार्बन चढतात. डिझेलसाठी कापलेले इंजिन माउंटिंग आणि बदललेली इंधन लाइनही पूर्ववत करावी लागेल, नाहीतर निरीक्षक हरकत घेईल. नंतर इंजिन नंबरची नोंद, मग पेट्रोलची पीयूसी, मग व्हिंटेजचा अर्ज. क्रम उलटा केला तर अर्ज परत येतो.

व्हिंटेजची नवी नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,०००, मुदत १० वर्षे. भारतात आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम ठेवता येतो. मात्र त्यानंतर ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणायची. शेतावर जायला जीप लागत असेल तर व्हिंटेजच्या भानगडीत पडू नका, साधी पुनर्नोंदणी करा.

प्रश्न : १९९० ची अँबॅसेडर, इंजिन त्याच प्रकारचे बदललेले आणि नोंदही झालेली. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून आयडलिंगला गाडी थरथरते. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.४ आणि हायड्रोकार्बन १,७०० कसे? (वाचक, सांगली)

उत्तर : इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. फार पातळ मिश्रण आयडलिंगला नीट पेटत नाही आणि न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते. म्हणून एक आकडा खाली, दुसरा वर. आधी इनलेट मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडातून जास्तीची हवा आत ओढली जाते का ते पाहा, कारण लक्षण हुबेहूब तसेच असते. गळती नसेल तर मिक्श्चर स्क्रू पाव फेरा उघडा, न पुरल्यास आयडल जेट एक नंबर मोठा घाला. कार्बन मोनॉक्साइड दीड ते दोनवर आणलात की हायड्रोकार्बन आपोआप उतरतील. जुन्या रबरी पेट्रोल नळ्या आणि पंपाचा डायाफ्राम इथेनॉलला चालणाऱ्या रबराचे घ्या. नळी फुगून फाटली तर आगीचा धोका आहे.

प्रश्न : सॅन होजेत राहतो. १९७७ ची डॅटसन २८०झेड घेतली आहे, तिला १९८३ च्या २८०झेडएक्सचे टर्बो इंजिन बसवायचे आहे. स्मॉग चाचणीला (तिथल्या पीयूसीला) चालेल का? (वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : चालेल, पण तिथला नियम आपल्याकडच्या उलट्या बाजूने विचार करतो. आपल्याकडे आरसीशी जुळले पाहिजे. कॅलिफोर्नियात दुसरे इंजिन बसवता येते, अट एवढी की ते गाडीच्या मॉडेल वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे, आणि त्या इंजिनाबरोबर मूळ गाडीत जी प्रदूषण नियंत्रण यंत्रणा होती ती सगळी सोबत यावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, कंप्युटर, पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा डबा आणि त्याच्या नळ्या, काहीही गाळता येत नाही. म्हणून सुटे इंजिन घेऊ नका. शक्य तर कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित झालेली अख्खी अपघाती गाडीच विकत घ्या, कारण सुटे भाग गोळा करताना वायरिंग आणि व्हॅक्यूमच्या नळ्याच सापडत नाहीत.

काम झाल्यावर नेहमीच्या स्मॉग केंद्रावर न जाता आधी ‘रेफरी’कडे (बदललेल्या गाड्या तपासणाऱ्या अधिकृत तपासनीसाकडे) वेळ घ्या. तो यंत्रणा तपासून गाडीला लेबल लावतो, आणि पुढच्या द्वैवार्षिक चाचण्या त्या लेबलाप्रमाणे होतात. धुरावर परिणाम करणारा, मूळपेक्षा वेगळा असा बाजारातला भाग लावलात तर त्याला कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक हवा. तो नसेल तर धूर कितीही स्वच्छ असला तरी गाडी पाहणीतच नापास होते. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना द्वैवार्षिक चाचणीतून सूट आहे, आणि तीही गाडीच्या वर्षावर, इंजिनाच्या नव्हे. २८०झेड १९७५ मॉडेलपासूनच आली, म्हणून अजून व्यवहार पुरा झाला नसेल तर त्या वर्षाची गाडी शोधून पाहा.