डॉक्टरांनी डोस बरोबर लिहिला, औषधही तेच आणलं, तरी चुकीचा डोस कसा जातो? घरी काय सांभाळावं?

नाव आणि वेळ सगळे तपासतात. मोजमापाकडे मात्र कमी जण बघतात, आणि डोस तिथेच घसरतो.

लहान मुलांचं पॅरासिटामॉल घ्या. १० किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर एका वेळी १५० मिलिग्रॅम होतात. हे औषध थेंबांच्या बाटलीत १ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, एखाद्या सिरपमध्ये ५ मिलिलीटरला १२०, तर दुसऱ्यात ५ मिलिलीटरला २५०. म्हणजे तोच डोस थेंबांतून १.५, पहिल्या सिरपमधून ६.२५ आणि दुसऱ्यातून ३ मिलिलीटर. पहिल्या सिरपची सवय असताना थेंबांची बाटली आली आणि जुन्या मापाने ६ मिलिलीटर पाजले, तर पोटात ६०० मिलिग्रॅम जातात, चौपट! म्हणून ‘एक चमचा द्या’ एवढ्यावर थांबू नका. मिलिग्रॅम किती आणि याच बाटलीतून मिलिलीटर किती, दोन्ही लिहून घ्या. स्वयंपाकघरातले चमचे लहानमोठे असतात. बिनसुईच्या सिरिंजनेच मोजा.

इन्सुलिनचंही तसंच. १ मिलिलीटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट, अशा दोन्ही तीव्रतेच्या बाटल्या मिळतात आणि प्रत्येकीची सिरिंज वेगळी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी जमली, तर १० च्या खुणेपर्यंत भरलेल्या इन्सुलिनमध्ये प्रत्यक्षात २५ युनिट असतात. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरायला तेवढं पुरतं. नवी बाटली किंवा नवी सिरिंज आली की दोन्हींवरचा आकडा शेजारी धरून बघाच.

लिहिण्यातल्या खोडीही माहीत हव्यात. १.० मधला बिंदू पुसट असला की १० वाचलं जातं, .५ चं ५ होतं. युनिटसाठी आकड्यानंतर ‘यू’ हे इंग्रजी अक्षर लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं. शंका आली तर अंदाज बांधू नका, फोन करा.

मेथोट्रेक्सेटबद्दल वेगळं सांगतो, कारण ही चूक जीव घेते. सांधेदुखीच्या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी तयार करणारा भाग, दबते. वार अक्षरी लिहून घ्या, ‘फक्त सोमवार’ असा. या गोळीवर असताना तोंड आलं किंवा ताप आला, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सर्दीच्या गोळीतही अनेकदा पॅरासिटामॉल असतं, तेव्हा पाकिटावरचं मूळ घटकाचं नाव वाचा, नाहीतर तेच औषध दोनदा जाईल.

आणि चूक झालीच, तर उलटी काढायला लावू नका. पाकीट, किती दिलं आणि किती वाजता, एवढं घेऊन थेट दवाखान्यात जा. पॅरासिटामॉल जास्त गेलं असेल तर पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो, पण त्यावरचा उतारा असिटाइलसिस्टीन पहिल्या ८ तासांत दिला तर यकृत वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. लक्षणांची वाट बघत बसू नका.