'क्सार'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ट्युनिशियावरच्या एका लेखात क्सार उलेद सुल्तानचं वर्णन करताना 'क्सार म्हणजे राजवाडा' असं लिहिलंय, ते बरोबर का, आणि नसेल तर 'किल्ला' चालेल का. माझ्या मते दोन्ही नको.

मूळ अरबी 'कस्र'चा अर्थ राजवाडा, गढी असाच आहे, त्यामुळे नुसती डिक्शनरी बघून भाषांतर केलं की गडबड होणारच. (आपल्या 'कसर'शी याचा संबंध नाही. ते अरबी 'कस्र' वेगळं, मोडणे या अर्थाचं, त्यातला क पण वेगळा आणि स पण.) पण दक्षिण ट्युनिशियात, तातावीनच्या आसपास, क्सार म्हणजे धान्य ठेवायची जागा, आणि तिथे राहणारा राजा कधी नव्हताच. मधे अंगण, भोवती एकाला एक चिकटून आणि एकावर एक चढवलेल्या कमानदार छताच्या खोल्या, त्यांना 'घोर्फा' म्हणतात, उलेद सुल्तानला तर चार मजले आहेत. बाहेरून बघाल तर नुसती कोरी भिंत, कारण सगळ्या खोल्यांची तोंडं आत अंगणाकडे, म्हणजे खोल्यांच्या पाठी हाच तट. दारं खजुरीच्या लाकडाची आणि बुटकी, वाकूनच आत जावं लागतं. वरच्या दारापाशी भिंतीतून लाकूड बाहेर काढलेलं असतं, त्याला दोर लावून धान्याची पोती वर ओढायची.

लोक गुरं-मेंढरं घेऊन चराईला जायचे तेव्हा जव, ऑलिव्हचं तेल, सुके अंजीर सगळं इथे राहायचं आणि राखणदार ठेवलेला असायचा. पाऊस बेभरवशाचा, चांगल्या वर्षाचे जव वाईट वर्षांसाठी राखून ठेवायचे, त्यामुळे ही जागा लुटली गेली तर अख्ख्या टोळीवर उपासमार, म्हणून एवढा बंदोबस्त.

आता महत्त्वाचं म्हणजे 'सामाईक कोठार' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं सगळ्यांचं धान्य एका ढिगात. तसं नव्हतं. खोली ज्या त्या कुटुंबाची, कुलूप त्यांचं, माल त्यांचा, सामाईक काय तर तट, दरवाजा, राखण आणि नियम. मोरोक्कोत अँटी-अॅटलास डोंगरात याच कामाच्या इमारतीला 'अगादिर' म्हणतात (अनेकवचन 'इगुदार'), तिथे तर नियम लिहून ठेवलेले असायचे आणि कारभार बघणाऱ्याला 'अमीन' म्हणायचे. लोक तिथे धान्याबरोबर दागिने आणि जमिनीची कागदपत्रं पण ठेवायचे. वरच्या कोठीत जायला जिना नाही, भिंतीतून बाहेर आलेल्या चपट्या दगडांवर पाय ठेवत चढायचं. आगादिर शहराचं नाव पण हेच.

एक घोळ लक्षात ठेवा, मोरोक्कोत 'क्सार' म्हणजे तटबंद गाव, आइत बेनहद्दू हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, १९८७पासून युनेस्कोच्या यादीत आहे. म्हणजे देश बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, तेव्हा आधी जागा कुठली ते बघा.

मराठीत मी घोर्फाला सरळ 'कोठी' म्हणेन, अगदी फिट बसतो. अख्ख्या इमारतीला 'अंबारखाना' सुचतो पण तो सरकारी, पन्हाळ्याचा बघा, आणि 'गढी' म्हटलं की एक पाटील नाहीतर देशमुख डोळ्यासमोर येतो, इथे मालक गावभर. म्हणून 'तटबंद गावकोठार' लिहावं, पहिल्यांदा सोबत मूळ शब्द द्यावा, आणि कोठ्या ज्या त्या घराच्या हे एका वाक्यात सांगून टाकावं.

आणि एक विनंती, लेखात उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांना 'बर्बर लोक' लिहिलंय ते बदला. मराठीत बर्बर म्हणजे रानटी, आणि ते लोक स्वतःला अमाझिग म्हणतात, तेच लिहा.