धुरे पेटवल्याशिवायही वावर साफ होते

प्रश्न : आमच्याकडे कापूस संपला की पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटून वावरातच जाळतात आणि उन्हाळ्यात धुरे, म्हणजे वावराचे बांध, पेटवून देतात. ५ जूनला शाळेची मुले पर्यावरण दिनाची फेरी काढतात, तेव्हा सगळे शिवार काळे पडलेले असते. मी एकट्याने जाळणे थांबवल्याने पृथ्वीचे काय भले होणार? शिवाय पऱ्हाटी तशीच ठेवली तर बोंडअळी वाढते म्हणतात, त्याचे काय करावे?
– एक शेतकरी वाचक, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ

उत्तर : बोंडअळीविषयी आपण ऐकले ते खरे आहे. गुलाबी बोंडअळीच्या अळ्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहतात आणि पुढच्या हंगामात तेथूनच पतंग बाहेर पडतात. म्हणून फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर लांबवलेले पीक) न घेता पीक वेळेवर संपवावे आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचून ठेवू नयेत, असे कृषी विभाग सांगतो. मात्र पऱ्हाटी हटवणे वेगळे आणि जाळणे वेगळे. शेवटच्या वेचणीनंतर वावरात शेळ्या-मेंढ्या चारल्यास हिरवी बोंडे त्या खाऊन टाकतात, उरलेली किडकी बोंडे वेचून नष्ट करता येतात आणि त्यानंतर ट्रॅक्टरवर चालणाऱ्या श्रेडरने पऱ्हाटीचा भुगा करून तो जमिनीत मिसळता येतो किंवा शेणकाल्यासह खड्ड्यात कुजवता येतो. चुलीसाठी पऱ्हाटी लागत असेल, तर ती वावरापासून दूर ठेवावी आणि नव्या लागवडीपूर्वी वापरून संपवावी.

जाळल्यावर पऱ्हाटीतला कर्ब आणि बहुतांश नत्र धुरावाटे निघून जातो. आपल्या कोरडवाहू जमिनीत सेंद्रिय कर्ब मुळातच कमी असतो आणि पाऊस ताणला की ओल धरून ठेवण्याचे काम त्याच्याकडेच असते. तो दरवर्षी जाळून पुन्हा खताची पोती विकत आणणे हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

धुऱ्याचे नुकसान याहून मोठे आहे, कारण ते भरून यायला वर्षे लागतात. कडुनिंब, बाभूळ, बोर, पळस यांची रोपे धुऱ्यावर कोणीही न लावता उगवतात आणि प्रत्येक उन्हाळ्यात आग लागल्यामुळे कधीच झाड होत नाहीत. टिटवी आणि तितर याच दिवसांत जमिनीवर अंडी घालतात. गवताची मुळे धुऱ्याची माती धरून ठेवतात, त्यामुळे जळालेला धुरा पहिल्याच जोरदार पावसात ढासळतो. ज्यांची वावरे जंगलाला लागून आहेत, त्यांच्या धुऱ्याची आग जंगलात शिरली तर ती विझवणे गावाच्या हाती राहत नाही. गवत अडचणीचे होत असेल, तर ते कापून गुरांना घालावे किंवा पिकात आच्छादन म्हणून पसरावे. मजुरी लागते, हे मान्य आहे. पण ती काडीपेटीच्या किमतीशी न तोलता गेलेल्या मातीशी तोलावी.

आता एकट्याचे काय, हा प्रश्न. एका वावरातला धूर थांबल्याने पृथ्वीचे तापमान बदलणार नाही, परंतु त्या वावराची माती निश्चित सुधारेल आणि शेजाऱ्याला दाखवण्यासारखे काही आपल्याजवळ असेल. पर्यावरणाची चळवळ आपल्या देशात अशाच गावांतून उभी राहिली आहे. झाडे वाचवण्याचे चिपको आंदोलन १९७३ मध्ये उत्तराखंडातील चमोलीच्या डोंगरातल्या गावकऱ्यांनी सुरू केले. आपल्या विदर्भातच गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीने निर्णय घेत जंगल राखले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यावर सामूहिक हक्क मिळवला. त्या गावाचे बळ ग्रामसभेत होते आणि ग्रामसभा आपल्याही गावात आहे. मला फेरीपेक्षा या सभेकडून अधिक आशा वाटते.

२६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी पऱ्हाटी निघण्याच्या सुमारास येते. धुरे न पेटवण्याचा ठराव आणि गावाने मिळून श्रेडर भाड्याने आणण्याचा प्रस्ताव त्या सभेपुढे लेखी ठेवावा. एकेकट्याला न परवडणारे भाडे दहा-वीस शेतकऱ्यांत वाटले गेले की परवडते. यंत्रासाठी अनुदान मिळते का, याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात सभेआधीच करून ठेवावी, कारण सभेत पहिला प्रश्न खर्चाचाच येईल.