पहिली क्षेत्रभेट शाळेच्या मैदानातच

ताई, शिकवण्याच्या पहिल्याच वर्षी भूगोलाच्या क्षेत्रभेटीला धरण-किल्ला नको. चौथीच्या वर्गाला मैदान आणि मागचा ओढा पुरे. सुरुवातीला एवढंच करा:

- नकाशा भिंतीवर टांगू नका. जमिनीवर पसरा, उत्तरेला उत्तर जुळवा. नाहीतर 'उत्तर म्हणजे वर' हे पक्कं बसतं. माझ्या वर्गातल्या एकाने उत्तर दिशा विचारल्यावर पंख्याकडे बोट केलं होतं!
- हिवाळ्यात काठी रोवून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली दाखवते ती उत्तर. (सूर्य बरोब्बर पूर्वेला फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास उगवतो, हे सध्या मनातच ठेवा.)
- जोराची सर ओसरली की मुलांना बाहेर काढा. मातीतले ओघळ, वळणाच्या आतल्या बाजूला साचलेली वाळू, डबक्याच्या तोंडाशी पसरलेला गाळ: नदीचा अख्खा धडा वीतभर जागेत.

नवीन शिक्षक बहुधा स्वतःच बोलत सुटतात. एकच प्रश्न द्या, 'हे पाणी कुठून आलं, कुठे चाललं?' आणि गप्प बसा.

ओढ्यावर आदल्या दिवशी स्वतः जाऊन या. पाणी चढलेलं असेल तर बेत रद्द. समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) वगैरे दिवाळीनंतर बघू.