लग्नाचं बघतायत, दोन स्थळांनी रंगावरून नकार दिला. चेहरा लवकर उजळायला कुठलं क्रीम चांगलं?

कुठलंच नाही. खरं तर उत्तर एवढंच, पण तुला लवकर उजळायचंय हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. तू म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील.

मी फार्मासिस्ट आहे, ठाण्यात मेडिकलच्या काउंटरला असते. लग्नसराई जवळ आली की मुली नाहीतर त्यांच्या आया फोनमधला फोटो दाखवून विचारतात, मॅडम हे गोरं व्हायचं क्रीम आहे का. फोटोतली ट्यूब बऱ्याचदा स्टिरॉइडची असते. एकात तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन औषधं एकत्र असतात, ते वांगाचं औषध आहे, डॉक्टरने सांगितलं तर थोडे आठवडे लावायचं. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. मी देत नाही. गिऱ्हाईक चिडून पुढच्या दुकानात जातं, जाऊ दे.

आता बहिणीचं सांगते. आम्ही दोघी सावळ्या, बाबांवर गेलोय. तिची नोकरी ऐरोलीला म्हणून ती मामीकडे घणसोलीला राहायची आणि तिच्यासाठी स्थळं बघायचं काम मामीने अंगावर घेतलेलं. मामीने बायोडेटात रंगापुढे निमगोरा लिहिलं, आणि मग बघायला येतील तेव्हा मुलगी निमगोरी दिसायला हवी ना, म्हणून ओळखीच्या पार्लरमधून एक पांढरं क्रीम आणलं, लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या डबीत. रोज रात्री लावायचं. थोड्याच दिवसांत ती खरंच उजळली. गणपतीत घरी आली तर जो तो म्हणतोय अगं काय छान दिसायला लागलीस, त्याच महिन्यात तिला प्रमोशन मिळालं होतं ते एकानेही विचारलं नाही. ह्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग सुरू झालं. एक रात्र लावलं नाही की सकाळी तोंड तव्यासारखं तापायचं. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव आली, पुटकुळ्या आल्या. ओला नॅपकिन फ्रीजमध्ये ठेवायची आणि ऑफिसमधून आली की तोंडावर घेऊन पडायची. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं की डबीत स्टिरॉइड आहे. चेहरा असा झालेले इतके पेशंट आपल्याकडे येतात की स्किनचे डॉक्टर त्याला टीएसडीएफ म्हणतात, स्टिरॉइडने खराब झालेला चेहरा.

पण चेहऱ्यापेक्षा मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टींची. वाशी लोकलमध्ये दाराकडे तोंड करून, स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून उभी राहायची. व्हिडिओ कॉलला कॅमेरा बंद. माझ्याकडे जेवायला आली की ट्यूबलाइटकडे पाठ करून बसायची. बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. हळूहळू झोप गेली, मग जेवण गेलं, एके दिवशी म्हणाली ताई मला कोणी बघायला आणू नका, कोणीच नको. मी म्हटलं मानसोपचारतज्ज्ञाला दाखवूया, तर मामी म्हणते, आता काय ठाण्याला न्यायची का पोरीला? ठाण्यातच राहणाऱ्या बाईला हे ऐकवायचं! १९०१ पासून ठाण्याचं मनोरुग्णालय उभं आहे आणि आपण अजून त्याचं नाव घेऊन एकमेकांना घाबरवतो. तिथल्या ओपीडीत झोप न लागणारी, रडू न थांबणारी, तुमच्याआमच्यासारखी माणसं येतात आणि औषध घेऊन घरी जातात. आम्ही जवळच्याच एका डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या आणि कौन्सेलिंग दोन्ही चाललं, इकडे त्वचेची ट्रीटमेंट. वेळ लागला पण बरी झाली, आता पुन्हा कामावर जाते, स्कार्फ न बांधता जाते.

मामीचं मात्र आजही प्रत्येक कार्यात हेच चालू असतं, की लावत होती तोवर चेहरा चांगला होता, तुम्ही बंद करायला लावलंत म्हणून बिघडला. तुझ्याही घरात असं बोलणारं कोणीतरी असेलच, म्हणून नीट सांगते. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसून टाकतं आणि त्वचेचा रंग बनायची क्रिया मंदावतं, म्हणून चेहरा पटकन गोरा दिसतो. पण आतून त्वचा पातळ होत जाते, आणि औषध थांबलं की त्याच रक्तवाहिन्या एकदम फुगतात, लाली येते, आग होते. म्हणजे नुकसान लावत असतानाच झालेलं असतं, बंद केल्यावर फक्त दिसतं. परत लावलं की बरं वाटतं आणि माणूस अडकतो. मामीने हे भल्यासाठी केलं हे मी मानते, तिच्या लग्नाच्या वेळी तिलाही हेच ऐकावं लागलं होतं. म्हणून ते बरोबर ठरत नाही. फेअर अँड लव्हली १९७५ ला आली, २०२० ला तिचं नाव ग्लो अँड लव्हली झालं, पण कांदेपोह्यांच्या वेळी मुलीच्या चेहऱ्याचा रंग हाताशी जुळतोय का बघणाऱ्या बायका तशाच आहेत.

आणि डबीत स्टिरॉइडच असेल असंही नाही. काही क्रीम्समध्ये पारा सापडलाय, त्याने किडनी खराब होऊ शकते. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना असा त्रास झाल्याची बातमी २०२३ मध्ये पेपरात आली होती.

तू काय करायचंस? सनस्क्रीन लाव, एसपीएफ ३० किंवा वर, आणि साधं मॉइश्चरायझर, बस. बायोडेटातून रंगाची ओळच काढून टाक, बहिणीच्या बायोडेटातून मी काढली, मामी म्हणाली लोक विचारतील, म्हटलं फोटो आहे की, बघतील. आणि त्या दोन स्थळांनी आधीच नकार दिला ते फार बरं झालं, अशा घरात गेली असतीस तर बाळाच्या रंगावरूनही ऐकून घ्यावं लागलं असतं.

हां, दोनतीन गोष्टी राहिल्या. गालांवर वांगाचे डाग असतील तर तो वेगळा विषय, त्याला औषध आहे, पण ते त्वचेच्या डॉक्टरकडून, पार्लरमधून नाही. मानेवर मागे काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा असेल तर घासत बसू नको, शुगर तपासून घे. आणि आत्ता काही लावत असशील तर ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाच, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ह्यातलं काही दिसलं, किंवा डबीवर नावच नसेल, तर ती घेऊन सरळ डॉक्टरकडे जा. बरेच दिवस लावलं असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नको, कसं सोडवायचं ते डॉक्टर सांगतात. रात्री फारच वाईट वाटायला लागलं तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.